सोबती नेमताना

लग्न जुळवताना पसंती दोन्हीकडून विचारतात. १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली या अमेरिकन गणितज्ञांनी या पसंतीचंच गणित मांडलं. एक बाजू विचारणा करते. दुसरी आलेल्यांपैकी सर्वांत आवडतं नाव तूर्त धरून ठेवते, बाकीच्यांना नकार देते. नकार मिळालेले यादीतल्या पुढच्या नावाकडे वळतात. शेपलींना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे हे काम होतं.

परदेशी विद्यार्थ्याला स्थानिक सोबती नेमायलाही ही रीत चालते. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात येमेनचे विद्यार्थी वर्षानुवर्षं येत आले आहेत. उद्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाला, त्याच्या लातूर उपकेंद्राला अशा जोड्या संगणकावर लावायच्या असतील, तर दोन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, या गणितात विचारणा करणाऱ्या बाजूला झुकतं माप मिळतं. तो मान पाहुण्याला द्यावा.

दुसरी, अर्जातले रकाने. पसंतीची यादी त्यांवरूनच बनते. धर्माचा रकाना ठेवला, तर संगणक अरब मुलासमोर मुसलमान सोबतीच आणील. मी मुसलमान, कविता मराठीत लिहितो. त्या रकान्यात माझी निम्मी ओळख बाहेरच राहते. नवख्या मुलाला आधी हवी असते खोली, मेस आणि बसची पाटी वाचून दाखवणारं माणूस. म्हणून विचारावं, संध्याकाळी मोकळा असतोस का? इंग्रजी कितपत येतं? ज्वारीची भाकरी चालेल का? धर्म काय तो ओळख झाल्यावर दोघं एकमेकांना सांगतीलच.