भिंतीवरची तीन छिद्रे

रायपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. तात्यापाऱ्यातील जुन्या मराठी घरांत काय, किंवा शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत काय, चैत्र सरता सरता पत्र्याचा कूलर खिडकीला लागतो. पत्रा, पाणी आणि २३० व्होल्टची वीज यांचा असा शेजार घरात दुसरीकडे क्वचितच आढळेल. त्या कुटुंबाची सुरक्षितता मग भिंतीवरील तीन छिद्रांच्या मांडणीवर अवलंबून राहते.

ही मांडणी आपल्याकडे ब्रिटिशांच्या १९३४ सालच्या मानकावरून आली. समोरून पाहता वरचे मोठे छिद्र जमिनीच्या तारेचे, उजवे फेजचे, डावे न्यूट्रलचे. प्लगची वरची पिन जाड असते, म्हणून ती भलत्या छिद्रात शिरत नाही. लांब असते, म्हणून जमिनीशी संबंध आधी जुळतो आणि शेवटी तुटतो. अमेरिकेत हेच छिद्र बहुधा खाली असते आणि तेथे त्यावाचून काही अडत नाही. जर्मनीत तर प्लग कसाही उलटसुलट बसतो. तेव्हा वर-खाली हा केवळ संकेत आहे, असे कोणी म्हणेल. म्हणणे खोटे नाही. परंतु संकेत एकदा ठरला, की कारागिराचा हात त्याच्या भरवशावर चालतो.

सॉकेट उलटे बसले आणि वायरमनने सवयीने उजवीकडे फेज जोडली, तर ती न्यूट्रलच्या जागी जाते. पंखा फिरतो, पंप चालतो, कोणाला काही कळत नाही. दोन्ही तारांची अशी अदलाबदल बटणापासूनच झालेली असली, तर बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडते. कूलर थांबतो, पण आतली तार जिवंतच राहते. आणि गृहिणी बटण बंद केल्याच्या विश्वासाने ओल्या हाताने गवत बदलू लागते.

वरच्या छिद्राची गोष्ट निराळी. त्याची तार अंगणातील कोळसा-मिठाच्या खड्ड्यापर्यंत जायला हवी. छत्तीसगडची भाटा जमीन मुरमाड. पाणी धरून ठेवत नाही. ऐन मे महिन्यात, कूलर अहोरात्र चालू असताना, खड्डाही कोरडा पडतो. त्यात पाणी ओतण्याची आठवण मात्र फार थोड्यांना राहते. तीस मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारे स्विच आता मिळतात आणि ते बसवावेतच. तरी खड्ड्याची उपेक्षा नको.

टेस्टर उजव्या छिद्रात पेटावा, डाव्यात पेटू नये. वरच्या छिद्रात तार असो वा नसो, तो पेटत नाहीच. म्हणून जाणता वायरमन उजव्या आणि वरच्या छिद्रांत दिवा जोडून पाहतो. दिवा नुसता मिणमिणला, तर खड्ड्याला पाणी हवे. मुळीच पेटला नाही, तर तार कोठेतरी भिंतीतच संपलेली असते.