कीर्द-खतावणीपासून संगणकापर्यंत : संस्थेच्या प्रकल्पांचे नवे साधन

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाची संहिता)



येरमाळ्यासारख्या हमरस्त्यावरच्या गावात जैन कुटुंबे स्थिरावली ती मुख्यतः व्यापारउदिमाच्या निमित्ताने. या व्यापाराचा एक अलिखित दंडक होता. दुकान वाढवण्यापूर्वी त्या दिवसाची कीर्द लिहून व्हायचीच. कीर्द उद्यावर टाकली की शिल्लक जुळत नाही, आणि दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत टाकली की शिल्लक जुळवावी लागते. 'जुळणे' आणि 'जुळवणे' यांतला फरक पेढीवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. संगणक, भ्रमणध्वनी आणि उपग्रह यांच्या साहाय्याने प्रकल्प चालवण्याचा जो विचार आज सर्वत्र होत आहे, त्याचे मूळ या दंडकातच सापडते. दिवसभराच्या दोषांचे आलोचन त्याच दिवशी प्रतिक्रमणात करणाऱ्या समाजाला तर हे तत्त्व परके वाटण्याचे कारणच नाही.

मोठ्या कामाची वार्ता वेळेवर न कळल्यास काय होते, याचे उदाहरण जैन समाजाच्या इतिहासातच आहे. कर्नाटकातील मूडबिद्री येथे षट्खंडागमावरील धवला, कसायपाहुडावरील जयधवला आणि महाबंध या सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्रीय प्रती शतकानुशतके जपल्या गेल्या. मुंबईचे शेठ माणिकचंद 1883 मध्ये तेथे दर्शनास गेले, तेव्हा ताडपत्रांची जीर्ण अवस्था पाहून ते अस्वस्थ झाले. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी पुढाकार घेतला, वर्गणी जमली आणि 1896 मध्ये प्रतिलेखनास आरंभ झाला. ते काम 1922 पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे चालले. पैसा सोलापूर-मुंबईचा, लेखक मूडबिद्रीत, आणि मध्ये टपाल व बैलगाडीचा रस्ता. आज कितवे पान झाले, कोणते पत्र तुटले, लेखनिक का थांबला, हे जाणून घ्यायचे तर स्वतः जावे लागे अथवा पत्रोत्तराची वाट पाहावी लागे. पुढे अमरावतीच्या डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला खंड 1939 मध्ये प्रसिद्ध झाला आणि सोळावा 1950 नंतरच्या दशकात.

या प्रकरणाचा एक धागा येथून जवळच, भूम तालुक्यातील कुंथलगिरीवर येऊन मिळतो. 1944 च्या सुमारास तेथील चातुर्मासात चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांच्या कानी आले, की महाबंधाचा चार-पाच हजार श्लोकांएवढा भाग कीटकांनी नष्ट केला आहे. महाराजांच्या प्रेरणेने हे ग्रंथ ताम्रपटांवर कोरवून घेण्याचे कार्य उभे राहिले. ते महान कार्य होय, यात संदेह नाही. तथापि जे गेले ते गेले. हानी होत असताना ती कोणास दिसली नाही. दिसली तेव्हा उपाय फक्त उरलेल्याचा होता.

प्रकल्प-व्यवस्थापनात नव्या तंत्राचे स्थान नेमके येथे आहे. दुरुस्ती शक्य असतानाच चूक दाखवणे, एवढेच त्याचे काम.

आता आपल्या भागाच्या अगदी जिव्हाळ्याचा विषय घेऊ. बालाघाटच्या या अवर्षणप्रवण पट्ट्यात पाझर तलाव, साठवण तलाव पुष्कळ आहेत, परंतु त्यांच्या पोटात गाळ साठला आहे. पुण्यात शांतिलाल मुथ्था यांनी स्थापन केलेली भारतीय जैन संघटना मराठवाड्याला परिचित झाली ती 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे 1200 मुलांना तिने शिक्षणासाठी पुण्यास नेले. त्याच संघटनेने 2013 च्या दुष्काळात शेजारच्या बीड जिल्ह्यातील 117 तलावांतून गाळ काढला, आणि 2018 मध्ये 'सुजलाम् सुफलाम्' या नावाने बुलढाणा जिल्ह्यात शंभराहून अधिक यंत्रे उतरवली. शासनाची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना 2017 मध्ये सुरू झाली व 2023 मध्ये तिला नवे रूप मिळाले.

एका जिल्ह्यात शंभर जेसीबी-पोकलेन, प्रत्येक निराळ्या गावी, प्रत्येकाचे डिझेल, चालक, तास, खेपा निराळ्या. हे सर्व चिठ्ठ्यांवर आणि तोंडी निरोपांवर चालवायचे म्हटले तर काय घडेल? समजा, एका तलावावर दिवसाला दहा खेपा जास्त लिहिल्या गेल्या आणि एका हायवात साधारण दहा घनमीटर गाळ मावतो असे धरले. शंभर घनमीटर गाळ कागदावरच निघाला. एका घनमीटरमागे हजार लिटर या हिशेबाने कागदावर एक लाख लिटर पाणी साठले, जे पुढच्या चैत्रात कोणत्याही हंड्यात पडणार नाही. शिवाय सुधारित योजनेत अल्पभूधारक शेतकऱ्यास शेतात पसरलेल्या गाळासाठी घनमीटरला 35 रुपये 75 पैसे, आणि अडीच एकरांपर्यंत जास्तीत जास्त 37,500 रुपये अनुदान ठरले. घनमीटर हा शब्द त्यामुळे थेट रुपयांत मोजला जाऊ लागला. मोजमाप चुकले तर एखाद्या गरीब विधवेचा हक्क बुडतो, किंवा न टाकलेल्या गाळाचे पैसे दुसऱ्याच्या खिशात जातात.

म्हणून या योजनेत स्थाननिश्चितीसह छायाचित्रे घेण्याची अट आली आणि नोंदींसाठी 'अवनी' या भ्रमणध्वनीवरील प्रणालीचा उपयोग झाला. काम सुरू होण्यापूर्वीचे तलावाचे छायाचित्र, रोजची यंत्राची नोंद, गाळ नेणाऱ्या शेतकऱ्याचे नाव व परिमाण, काम संपल्यानंतरचे छायाचित्र, असा हा क्रम. छायाचित्रासोबत अक्षांश-रेखांश व वेळ आपोआप नोंदली जाते, त्यामुळे एका तलावाचे चित्र दुसऱ्याच्या नावावर खपवणे अवघड होते. डोंगराच्या कुशीत संपर्क मिळत नाही ही येथील नित्याची तक्रार. परंतु नोंद यंत्रातच साठून राहते आणि संपर्क मिळताच पुढे जाते, अशी सोय अशा प्रणालीत असते. खेडेगावासाठी ही एक सोय बाकीच्या दहा सोयींहून मोलाची आहे.

याचा लाभ चोरी पकडण्यापुरता नाही. चोरी पकडणे हा खरे तर त्यातला लहान भाग. काळा गाळ संपला की खाली पिवळा मुरूम लागतो. साठवण तलावात तेथे थांबले पाहिजे. अधिक खोदल्यास तळ उघडा पडून पाणी झिरपून जाण्याची भीती असते. भरावाच्या पायथ्याशी खोदणे तर त्याहून धोक्याचे. संध्याकाळी आलेल्या छायाचित्रात मातीचा रंग बदललेला जाणकाराला दिसला, तर दुसऱ्या सकाळी यंत्र हलवता येते. महिन्याच्या अखेरीस अहवालात तेच वाचून काय उपयोग?

आणि येथेच या तंत्राची मर्यादाही उघड होते. संध्याकाळी ते छायाचित्र कोणी पाहिलेच नाही, तर सर्व यंत्रणा व्यर्थ होय. अनेक संस्थांत संगणक येतो, त्यावर आच्छादन येते, हार घालून उद्घाटन होते, आणि नोंदी करणारा तरुण नोकरीसाठी पुण्यास गेला की कळफलकावर धूळ बसते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर छायाचित्रे टाकली की नोंद झाली, असा एक नवा समजही रूढ झाला आहे. शुभेच्छा आणि सुविचार यांच्या पुरात ते छायाचित्र तिसऱ्या दिवशी सापडत नाही. त्याला नोंद म्हणणे म्हणजे दुकानाच्या फळीवर खडूने मांडलेल्या आकड्यांना खतावणी म्हणणे. शिवाय छायाचित्राला खोली कळत नाही. काठी व फीत घेऊन तलावात उतरणारा माणूस हवाच, आणि त्याचे माप गावासमोर वाचून दाखवले गेले पाहिजे.

ट्रस्टसारख्या संस्थेने मोठ्या प्रणाली विकत घ्याव्यात असे मुळीच नाही. जीर्णोद्धाराचेच काम घेतले तरी पुरे. जुन्या मंदिराचे दगड उतरवताना प्रत्येक दगडाला क्रमांक देऊन, उतरवण्यापूर्वी व नंतर त्याचे छायाचित्र घेतले, तर तो पुन्हा मूळ जागी बसतो. मूर्तीच्या पादपीठावरचा लेख तिरप्या उजेडात टिपून ठेवला, तर लेप किंवा सिमेंट चढल्यावरही तो वाचता येतो. लेखात संवत्, प्रतिष्ठाचार्य, दात्याचे नाव व गाव असते. एखाद्या गावच्या समाजाचा तो एकमेव लिखित पुरावा असू शकतो. गवंड्याच्या एका थापीने तो जातो, आणि गवंड्याला दोष देता येत नाही, कारण त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

हे काम सुरू करताना तीन माणसे ठरवावी लागतील. जागेवर नोंद करणारा एक, त्याच रात्री ती पाहणारा दुसरा, आणि साधनाची प्रत निराळ्या ठिकाणी, शक्यतो निराळ्या गावी, सांभाळणारा तिसरा. पहिला तरुण असावा. दुसरा मात्र पेढीवरचा जुना माणूस असलेला बरा. पडदा वाचायला नातवंड शेजारी बसेल, पण कोणती रक्कम खटकते हे त्यालाच कळेल. दात्यांना त्यांच्या दानाचे काम कोठवर आले हे वर्षातून एकदा अहवालात कळवण्याऐवजी दर महिन्यास पाहू द्यावे. वर्गणी मागण्यास पुन्हा दारी गेल्यावर याचा फरक जाणवेल.

प्रारंभ या पावसाळ्यापूर्वी करता येईल. मंदिरातील प्रतिमा, त्यांचे लेख, जुन्या वह्या आणि हस्तलिखिते यांची मोजणी करून यादी करावी, प्रत्येकीचे छायाचित्र घ्यावे आणि तारीख घालावी. पर्जन्यकाळातील ओल कागदाला लागण्याआधी वह्यांपासूनच आरंभ करावा.

॥ जय जिनेंद्र ॥