जुने इंग्रजी शब्द आणि शेतकऱ्याचें नांव
(जव्हार येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आज आम्ही पाऊसपाण्यावर किंवा कर्जावर बोलणार नाहीं, डिक्शनरीवर बोलणार आहों. हंसूं नका. नागलीच्या शेतांत राबणाऱ्या माणसाचें डिक्शनरीशीं काय देणेंघेणें, असें आम्हांलाही वाटत असे. पण मध्यंतरीं येथलाच एक शाळकरी मुलगा इंग्रजी कोश काखेंत मारून आमच्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, कूली हा शब्द कोळी लोकांवरून आला असें यांत लिहिलें आहे. मग आपण राजे होतों कीं हमाल?" मुलगा महादेव कोळ्याचा. त्याच जातीच्या मुकणे घराण्याची गादी चौदाव्या शतकापासून १९४८ सालीं संस्थान विलीन होईपर्यंत ह्या जव्हारांत होती. त्याला आम्हांला तिथल्या तिथें उत्तर देतां आलें नाहीं, म्हणून हें भाषण.

आम्हीं मोठे कोश चाळले. यूल आणि बर्नेल ह्या दोन साहेबांनीं १८८६ सालीं 'हॉब्सन-जॉब्सन' नांवाचा कोश काढला. हिंदुस्थानांतून इंग्रजींत शिरलेले शब्द त्यांत आहेत. कूली शब्दाचें मूळ बहुधा पश्चिम हिंदुस्थानांतल्या कोळ्यांच्या नांवांत असावें, असा त्यांचा अंदाज. पण त्यांनींच तामिळ भाषेंतला 'कूलि', म्हणजे मजुरी, हाही शब्द पुढें ठेवला आहे. म्हणजे गोष्ट 'बहुधा'ची आहे. लहान कोश छापतांना जागा वांचविण्यासाठीं तो 'बहुधा' गाळतात, आणि पोराच्या हातीं नुसता निकाल पडतो!

शब्द कोठूनही आलेला असो, त्याला आजचा वास कोणी लावला? इंग्रजांनीं १८३३ सालीं गुलामगिरी बंद करणारा कायदा केला. उंसाच्या मळ्यांना माणसें तर पाहिजेतच. तेव्हां १८३४ पासून हिंदुस्थानांतले मजूर करार करून मॉरिशसला नेऊं लागले, आणि त्या सगळ्यांना एकच नांव दिलें, कूली. पुढें दक्षिण आफ्रिकेंत गांधी बॅरिस्टर होऊन गेले, तर त्यांनाही 'कूली बॅरिस्टर' म्हणत! स्वस्त मजूर विकत घेणाऱ्यानें जो अर्थ बाजारांत चालविला, तोच कोशांत उतरला.

आतां कोणी म्हणेल, साहेबांनीं काळ्या माणसांस हिणवलें. तसें नाहीं. त्यांनीं स्वतःच्या शेतकऱ्यासही सोडलें नाहीं. सिनेमांतला 'व्हिलन' तुम्हांला ठाऊक आहे. मूळ लॅटिन 'व्हिला' म्हणजे शेतवाडी, आणि तिच्यावर राबणारा तो व्हिलन. जुन्या इंग्लंडांत हा माणूस मालकाच्या जमिनीस बांधलेला असे. परवानगीवांचून त्याला गांव सोडतां येत नसे. आपल्या जुन्या ठाणें जिल्ह्यांतला लग्नगडी आठवा. लग्नासाठीं सावकाराचें कर्ज घ्यायचें, आणि फेडीपायीं नवराबायकोनें त्याच्या दारीं राबायचें. १९४५ सालीं उंबरगांव व डहाणू तालुक्यांतल्या वारल्यांनीं वेठ नाकारली, तेव्हां सावकारांनीं त्यांनाच गुंड ठरविलें. व्हिलनचेंही तसेंच झालें. राबणारा तो हलका, हलका तो लबाड, असें घसरत घसरत शेतकऱ्याचें नांव बदमाशाला लागलें.

'बूर' म्हणजेही शेतकरीच. आज त्याचा अर्थ असभ्य माणूस. 'सॅव्हेज' हा लॅटिनमधल्या रान ह्या शब्दावरून आला. रानांत राहणारा तो रानटी. जॉन्सन ह्या पंडिताचा कोश १७५५ सालचा. त्यांत 'क्लाउन'चा पहिला अर्थ सर्कशींतला विदूषक नव्हे, तर खेडवळ माणूस! आणि कारागीर मंडळींनीं ऐकावें: 'मेकॅनिकल', म्हणजे हातकामाचा, ह्या शब्दाचा जॉन्सननें पहिला अर्थ दिला तो नीच, हलक्या धंद्याचा. आज मेकॅनिकल इंजिनियर व्हायला श्रीमंतांचीं मुलें रांग लावतात. ह्याच जॉन्सननें ओट धान्याचा अर्थ सांगतांना लिहिलें कीं, इंग्लंडांत हें घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडांत माणसें खातात. नागली-वरईबद्दल शहरांतले लोक असेंच बोलत. आतां तीच नागली पुड्यांत घालून महाग विकतात.

आपली मराठी तरी निर्मळ आहे काय? नगरांतला तो नागर, म्हणजे सुसंस्कृत; गांवांतला तो गांवढळ. कुणब्याचें तें कुणबाऊ, म्हणजे ओबडधोबड. मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, दुसरी आवृत्ति १८५७ सालीं. ब्राह्मण पंडितांच्या मदतीनें तो झाला. तरी त्यानें गांवरान शब्दही पुष्कळ टिपले, हें मान्य केलें पाहिजे.

कोशकार अर्थ घडवीत नाहीं, लिहिलेलें-बोललेलें टिपतो. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश १८८४ ते १९२८ पर्यंत भागाभागानें निघाला. त्यासाठीं हजारों साध्या वाचकांनीं घरबसल्या चिठ्ठ्या पाठविल्या. एकेका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचें वाक्य आणि साल. म्हणून त्यांत कोणता अर्थ केव्हां होता आणि केव्हां मेला, तें दिसतें. मुलांनीं कोश उघडला तर नुसता अर्थ पाहूं नये, सालही पाहावें. चिठ्ठी लिहिणाऱ्यांत आपण नसूं, तर आपला शब्द दुसरा कोणी लिहील, त्याला दिसेल तसा.

त्या मुलाला आम्हीं एक वही दिली आहे. पहिल्या पानावर त्यानें 'राब' शब्द घेतला आणि लिहिलें, 'रोपासाठीं जमिनीवर शेण, डहाळ्या, पालापाचोळा, गवत पसरून जाळणें.' आजीला वाचून दाखविलें. आजी म्हणाली, "अरे, वरून बारीक माती नको का घालायला? नाहीं तर भडका होऊन जाईल, जमीन भाजेल कशी?" त्यानें तेवढें वाढवून लिहिलें. दुसरें पान 'कोळी' ह्या शब्दाचें आहे. तें अजून कोरें आहे. आपल्या वाडवडिलांकडून कोणी कांहीं ऐकलें असेल, तर सभा उठल्यावर त्याला गांठून सांगावें. तो तेथें दाराशीं बसला आहे.