सरकारी पडीक जागा आणि कष्टकऱ्याचे घर



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. आमचे शिक्षण बेताचेच. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, करारनामे आणि सरकारी ठराव वाचता वाचता शिकलो. म्हणून आज कागदावरच्या एका शब्दाचीच गोष्ट सांगणार आहोत.

पण आरंभ आपल्या गावापासून करू. १८६२ साली नागपूरपासून वेगळा होऊन वर्धा जिल्हा झाला. पहिले ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ साली ते पालकवाडीच्या जागी आणले आणि तेथे आखून-रेखून वर्धा शहर वसवले. म्हणजे आपण बसलो आहोत ते गावच मुळी सरकारने ठरवून वसवलेले आहे. परक्या सरकारला आपल्या कारभारासाठी जे सुचले, ते आपल्या सरकारला कष्टकऱ्याच्या निवाऱ्यासाठी का सुचू नये, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, सुचले नाही असे कसे? घरकुलाच्या योजना आहेत की! आहेत, आणि त्यांचे आम्ही स्वागतच करतो. परंतु घरकुलाचा पैसा मिळण्यासाठी पायाखाली स्वतःची जागा लागते. ज्याच्यापाशी जागा नाही त्याच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागा खरेदीची योजना निघाली. तिच्यात आरंभी पन्नास हजार रुपयांपर्यंत साहाय्य होते. रस्त्याला लागून असलेला तुकडा तेवढ्यात कोठे येतो, हे आपण बाजारात विचारून पाहावे. विटा मिळतील, सिमेंट मिळेल. अडते ते जागेपाशी.

आता कोणत्याही तालुक्याच्या गावी फेरी मारून पाहा. दारे-खिडक्या गेलेली क्वार्टर्स, छप्पर खचलेली गोदामे, बाभळीने भरलेली आवारे दिसतील. खाते म्हणते, जागा आमची. उपयोग मात्र कोणाचाच नाही. आणि ती जागा असते गावाच्या मध्यावर, मोंढ्यापासून आणि दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर.

अशा जागेचे काय होते, याचा धडा मुंबईने घालून दिला आहे. तेथे ५८ गिरण्या होत्या आणि त्यांची जमीन सुमारे ६०० एकर. त्यांतल्या २५ राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे सरकारच्याच होत्या. १९८२ चा संप झाला, गिरण्या बसल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करावयाचा तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या मैदानांना, एक तृतीयांश म्हाडामार्फत स्वस्त घरांना आणि उरलेला हिस्सा मालकाला, असा तो हिशेब. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी व्हायची ती सगळ्या जमिनीची नव्हे, तर ज्या जमिनीवर बांधकाम नव्हते तेवढ्याच मोकळ्या जमिनीची! गिरणीच्या आवारात बांधकामाविना जमीन ती किती असणार? मैदानाचा वाटा आटला आणि घरांचाही आटला. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जनतेच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान २००५ साली महामंडळाच्या काही जमिनी लिलावात गेल्या होत्या. दादरच्या कोहिनूर मिलच्या जमिनीलाच ४२१ कोटी आले.

आणि कामगार? त्याची घरे लढ्याने मिळाली. दत्ता इस्वलकरांसारख्या माणसांनी त्यासाठी आयुष्य वेचले. जून २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली. अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. पुढे बऱ्याच जणांना पनवेलजवळच्या कोनची, नंतर शेलू-वांगणीची वाट दाखवण्यात आली.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाकाऊ नाही. मोक्याची जागा चढ्या भावाने विकावी आणि त्याच पैशात लांब स्वस्त जमिनीवर दुप्पट घरे बांधावीत, यात गैर काय? हिशेब वरवर बरोबर आहे. पण मोलकरणीला आणि हमालाला रोज येण्याजाण्याचा खर्च पडतो, तो या हिशेबात कोणी धरत नाही. सरकारी पैशाने बांधलेली अनेक घरे देशभर रिकामी पडली होती. तीच भाड्याने देण्याची योजना केंद्राला जुलै २०२० मध्ये काढावी लागली. कामापासून तुटलेले घर स्वस्त असूनही महागच पडते.

दुसऱ्या देशात पाहावे तर अमेरिका काही समाजवादी राष्ट्र नव्हे. तरी तेथे १९८७ च्या कायद्याने सरकारच्या जादा ठरलेल्या इमारती विकण्याआधी बेघरांच्या कामासाठी देऊ कराव्या लागतात. आपल्याकडे मार्च २०२२ मध्ये केंद्राने सरकारी कंपन्यांच्या जादा जमिनीतून पैसा उभा करण्यासाठी स्वतंत्र महामंडळाला मंजुरी दिली. तिजोरीलाही पैसा लागतो, हे आम्हांला समजते. आमचे म्हणणे एवढेच, की आधी विचारणा घराची व्हावी आणि मग बोली लागावी.

म्हणून आमच्या चार मागण्या आहेत. प्रत्येक खात्याने आपल्या पडीक जागांची आणि इमारतींची यादी सर्व्हे नंबरासह गावच्या फळ्यावर लावावी. घरांचा वाटा विक्रीपूर्वीच, लेखी आणि एकूण क्षेत्रावर ठरवावा. ‘मोकळे’ हा शब्द त्यात घुसू देऊ नये. जमीन सार्वजनिक मालकीचीच राहावी आणि घरे परवडणाऱ्या भाड्याने किंवा दीर्घ पट्ट्याने द्यावीत, नाहीतर दहा वर्षांत ती दलालाच्या हाती जातील. आणि जी इमारत डागडुजीने उभी राहते ती पाडू नये. मातीच्या आणि स्वस्त बांधणीचे प्रयोग ज्या जिल्ह्यात झाले, त्या वर्ध्यात तरी कारागिरांची वाण पडू नये.

पवनारच्या विनोबांनी १९५१ पासून जमीनदारांच्या दारी जाऊन जमीन मागितली. आम्हांला कोणाच्या खाजगी मालमत्तेला हात लावायचा नाही. जी आपलीच आहे, तिच्यावर आपल्या माणसाला निवारा द्या, एवढेच मागणे आहे.

आपल्यापैकी पुष्कळांना स्वतःचे घर असेल. त्यांनी निदान माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज करावा आणि आपल्या गावातली यादी मागावी. लिलावाची जाहिरात निघाल्यावर जागे होण्यात अर्थ नाही.