पडद्यावरील कोरा रकाना

छापील अर्ज भरतांना शाई सांडे, जागा अपुरी पडे. परंतु कागदानें लिहिणाऱ्याशीं कधीं हुज्जत घातली नाहीं. वेबवरील अर्जाचें तसें नाहीं. १९९५ सालच्या एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तींतही असलेला हा लिहावयाचा रकाना दिसावयास साधा. पण लिहिलेलें नाकारण्याचा अधिकार त्याला देतां येतो, आणि तो अधिकार रचनाकार फार सढळपणें देतात.

रकान्यांत काय लिहावें तें रकान्याबाहेर, शक्यतों त्याच्या माथ्यावर, लिहिलेलें असावें. जागा वाचविण्याच्या हौसेनें कित्येकजण ही सूचना रकान्याच्या पोटांतच फिकट अक्षरांत घालतात. ही काटकसर नव्हे, कंजुषी होय. कारण पहिलें अक्षर उमटतांच सूचना नाहींशी होते! मध्येंच कोणी दार वाजविलें, उठून परत आलें, तर येथें जन्मगांव विचारलें होतें कीं सध्याचें, हें कोणीं आठवावें? अंध मनुष्यास पडदा वाचून दाखविणारी आज्ञावली लागते. तिच्यासाठीं शीर्षक रकान्याशीं आंतून जोडलेलें हवें, नुसतें शेजारीं असून भागत नाहीं.

खरी कसोटी नांवाच्या रकान्याची. पहिलें, मधलें व शेवटचें अशीं तीन नांवें सक्तीनें मागणारा अर्ज, आडनांव न लावणाऱ्या कित्येक तमिळ माणसांना अडवितो. महाराष्ट्रांत तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठीं शासकीय कागदपत्रांत मुलाचें, आईचें, वडिलांचें नांव व मग आडनांव असा क्रम ठरला आहे. अशा मुलाचें ‘मधलें नांव’ कोणतें? एका अर्जांत आईचें गेलें, दुसऱ्यांत वडिलांचें, तर पुढें दाखले जुळत नाहींत आणि हेलपाटे घरच्यांना पडतात. म्हणून शक्य तेथें ‘संपूर्ण नांव’ असा एकच ऐसपैस रकाना ठेवावा. त्यानें मोकळी जागा व देवनागरी अक्षरें मुकाट्यानें स्वीकारावींत. वेगळीं नांवें हवींच असतील, तर ‘आईचें नांव’, ‘वडिलांचें नांव’ असें स्पष्ट विचारावें.

दूरध्वनीच्या अंकांमधील मोकळी जागा गाळणें हें यंत्राचें काम. त्यासाठीं माणसास दटावूं नये. आणि चूक झालीच, तर ‘अवैध माहिती’ असें खेकसण्यापेक्षां ‘पिन कोडांत ६ अंक हवेत, येथें ५ आहेत’ असें त्याच रकान्यापाशीं सांगावें, व बाकीचा भरलेला अर्ज पुसूं नये.