अडवू पुन्हा पहिल्यापासून

भरतनाट्यम शिकणारं मूल सुरुवातीला नाचतं कुठे? गुडघे बाजूला वळवून अरमंडीत अर्धं बसायचं, तळवे जमिनीवर आपटायचे आणि तोच अडवू, म्हणजे नृत्याची मूळ हालचाल, तीन लयींत घोटायचा. मांड्या भरून येतात. मुंबईच्या नर्तकी सुधा चंद्रन यांनी हे अगदी चिमुकल्या वयात सुरू केलं.

१९८१ मध्ये तमिळनाडूत झालेल्या बस अपघातात त्या जखमी झाल्या. जखमेत गँगरीन झालं आणि उजवा पाय कापावा लागला. त्या तेव्हा किशोरवयातच होत्या.

त्यांच्या मदतीला आला जयपूर फूट. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेला हा रबरी पाय घोट्याशी लवतो, त्याला बूट लागत नाही, उकिडवंही बसता येतं. पण तो अनवाणी चालणाऱ्या कष्टकऱ्यांसाठी होता, नर्तकीसाठी नव्हे! तोल, जोर, पदन्यास सगळं नव्याने बसवायचं होतं, वेदना सोसत. त्यांच्या पुन्हा नाचण्याला चमत्कार म्हणायची आपल्याला हौस. मला तसं वाटत नाही. रोज तेच ते करत राहायची सवय या मुलीला लहानपणीच लागलेली होती.

१९८४ मध्ये त्या मुंबईत पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या आयुष्यावर ‘मयूरी’ हा तेलुगू चित्रपट आला. नायिका त्या स्वतःच. या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, आणि नर्तकी व्हायला निघालेली ही मुलगी अभिनेत्रीही झाली.