युद्ध सरताना आलेली मानमोडी

(लोणावळा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



युद्धाने शिणलेल्या देशातील साथीचे रोग, हा आजचा विषय. तो निघाला की आपले मन लगेच परदेशी धावते. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड आणि रशियात टायफसने घातलेले थैमान आठवते. ते आवरण्यासाठी राष्ट्रसंघाला १९२० साली स्वतंत्र आयोग नेमावा लागला, हे अभ्यासकांना ठाऊक असते. परंतु त्याच महायुद्धाच्या अखेरीस जगात सर्वाधिक माणसे ज्या देशात साथीने दगावली, तो देश आपलाच होता. वर्ष होते १९१८. इंग्रजांच्या दप्तरात त्या रोगाचे नाव इन्फ्लुएंझा. आपल्या आजी-पणजींनी त्याला नाव दिले 'मानमोडी'. घरात जुनी माणसे होती तोवर 'मानमोडीच्या साली' असा काळाचा हिशेब सांगितला जात असे. आता ती माणसे नाहीत आणि हिशेबही नाही.

मी पत्रकार आहे, वैद्य नव्हे. तेव्हा विषाणूविषयी मी बोलणार नाही. माणसांविषयी बोलेन.

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. पाठोपाठ जहाज कंपनीचे नोकर, पोर्ट ट्रस्टचे कामगार, तारखात्यातले आणि टाकसाळीतले लोक, गिरणीकामगार असे एकेक अंथरुणाला खिळू लागले. मे महिन्याच्या अखेरीस आलेल्या एका जहाजावर महापालिकेचे आरोग्याधिकारी टर्नर यांचा संशय होता. बंदरात सैनिकांची आणि रसदीची जा-ये अखंड चालू होती. ती पहिली लाट तुलनेने सौम्य निघाली. सप्टेंबरमध्ये दुसरी आली आणि ती संहारक ठरली. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले.

मुंबईत शिरलेला ताप देशावर आला कसा, हे लोणावळेकरांना वेगळे सांगायला नको. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला तेव्हापासून मुंबईचे सुख आणि दुःख याच स्थानकावरून पुण्याकडे जाते. त्या काळी घाटात गाडीची दिशा बदलावी लागे, जादा इंजिने जोडावी लागत, गाड्या थांबत. टपालाचे डबे, रजेवरचे शिपाई, गिरणी सोडून गावाकडे पळणारे कामगार, सारे याच वाटेने गेले. आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्या तलावांचे पाणी १९१५ पासून खोपोलीला वीज निर्माण करीत होते आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालत होत्या. मावळचे पाणी उजेड होऊन खाली गेले आणि त्याच गिरण्यांच्या चाळींतून ताप वर आला.

त्या तापाने मुंबई इलाख्यात सुमारे साडेदहा लाख माणसे नेली. या इलाख्यात तेव्हा गुजरात, सिंध आणि उत्तर कर्नाटकही होते, हे ध्यानात घ्यावे. तरीही दर अठरा-वीस माणसांमागे एक, असे ते प्रमाण पडते. साऱ्या हिंदुस्थानचे आकडे अभ्यासकागणिक बदलतात. सव्वा कोटीपासून पावणेदोन-दोन कोटींपर्यंत ते जातात. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आदल्या गणनेपेक्षा घटलेली आढळली. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात ती जवळजवळ तीन टक्क्यांनी घटली होती. आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. त्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार गेले आणि त्यांपैकी सुमारे ७४ हजार कामी आले. कुत-अल-अमारा येथे २९ एप्रिल १९१६ रोजी शत्रूच्या हाती सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये आपल्या मराठा पलटणीही होत्या. चार वर्षांच्या रणांगणावर साऱ्या देशाने जितके गमावले, त्याच्या चौदापट एकट्या मुंबई इलाख्याने काही महिन्यांत घरच्या अंथरुणावर गमावले.

ताप तर इंग्लंडातही होता. मग इथेच एवढी माणसे का मेली? रोग नवा होता, त्याचा विषाणू माणसांत सापडला तोच मुळी १९३३ साली; औषध कोणापाशीच नव्हते. अशा वेळी रुग्णाला तारते ते अन्न, ऊब, पाणी आणि जवळ बसणारे माणूस. युद्धाने नेमके तेच ओरबाडून नेले होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अनेक डॉक्टर आघाडीवर होते. धान्य बाहेर जात होते, भाव कडाडले होते. त्यात १९१८ च्या पावसाने दगा दिला. अर्धपोटी शरीराला तापाशी झुंजायचे बळ कोठून येणार? म्हणून युद्धोत्तर देशातील साथ ही केवळ वैद्यकाची बाब मानणे मला पटत नाही. कोठार रिकामे, दवाखाना रिकामा आणि सरकार दुसरीकडे गुंतलेले, हे आधी घडते; रोग मागाहून येतो.

पुण्याने याच्या उलट अनुभवही घेतला होता. १८९७ च्या प्लेगात सरकार प्रत्येक घराच्या माजघरात शिरले होते. गोऱ्या शिपायांच्या झडत्या, रँडचा जाच आणि २२ जूनची रात्र, हा इतिहास येथे कोणाला ठाऊक नाही? त्याच प्लेगात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला आणि लोकमान्यांनी हिंदू प्लेग रुग्णालय उभे करण्यात पुढाकार घेतला. एकवीस वर्षांनी मानमोडी आली तेव्हा घरात शिरायला सरकारपाशी माणूसच उरला नव्हता. जाच नव्हता, पण मदतही नव्हती.

ती पोकळी भरून काढली समाजाने. मुंबईत ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग, गोखल्यांनी स्थापिलेला भारत सेवक समाज आणि कितीतरी ज्ञातिसंस्था पुढे आल्या. कार्यकर्ते चाळीचाळींतून फिरले, त्यांनी औषध, दूध, घोंगड्या पोहोचविल्या. सेवेची ही परंपरा आपल्याला अभिमानाची आहे आणि तिचा उल्लेख आपण नेहमी करतो.

परंतु येथे मला थोडे थांबायचे आहे. मुंबईच्या महापालिकेने त्या साथीतील मृत्यूंचे समाजवार प्रमाण काढले होते. दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२ आणि हिंदू १८.९. इथवर ऐकून कोणालाही वाटेल की हिंदूंची स्थिती इतरांसारखीच होती. पण हा १८.९ चा आकडा साऱ्या हिंदूंचा नव्हे. कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील हिंदूंचा रकाना निराळा होता आणि त्यातला आकडा होता ६१.६. तिप्पट! रोगाने जात विचारली नव्हती. जात विचारली होती ती आपण, वस्ती कोठे असावी, पाणी कोठून भरावे आणि कोणते काम कोणी करावे हे ठरविताना. रोग त्या आखलेल्या रेषांवरून चालत गेला. हिंदू समाज एक आहे असे व्यासपीठावरून सांगणाऱ्या आपणा सर्वांनी हा आकडा पाठ करावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दुसरी गोष्ट स्त्रियांची. ऐन उमेदीतल्या, वीस ते चाळीस वयाच्या माणसांवर या तापाचा घाला विशेष होता आणि त्यांतही स्त्रिया अधिक गेल्या. घरातल्या सर्वांची शुश्रूषा करणारी तीच आणि सर्वांत शेवटी, उरले तर जेवणारीही तीच. हिंदी कवी निराला यांची पत्नी याच साथीत गेली. आपल्याकडे अशा किती घरांत पोरकी मुले आत्या-मावशींनी वाढविली असतील!

पुढे दुसरे महायुद्ध आले. ते चालू असतानाच, १९४३ मध्ये, सरकारने आरोग्याची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर मूळचे नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. १९४६ च्या त्यांच्या अहवालाने सांगितले की या देशात जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान सत्तावीस वर्षे आहे आणि सुमारे ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना तेथून आली. खेड्यात राहणाऱ्याला, त्याच्या खिशात पैसे असोत वा नसोत, उपचार मिळालाच पाहिजे, हा त्या अहवालाचा गाभा. आज आपण आरोग्य केंद्राच्या गळक्या छपरावर बातम्या लिहितो, मीही लिहिल्या आहेत. पण १९१८ मध्ये मावळच्या खेड्याला गळके छपरही नव्हते.

ज्ञान आणि सेवा एकत्र आली म्हणजे काय होते, हे १९७१ साली दिसले. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने माणसे पटापट मरत होती, शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू चार टक्क्यांच्याही खाली आले. पाजणारे हात आईबापांचेच होते.

आता एक काम सुचवितो. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ गावोगावी संगमरवरी फलक बसविले गेले. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे कोरली आहेत. तो मान योग्यच आहे. मानमोडीत गेलेल्यांचे नाव मात्र कोठे असेल, तर ते गावच्या कोतवाल बुकात, मोडी लिपीत, मृत्यूचे कारण म्हणून पुढे बहुधा नुसते 'ताप' एवढेच लिहिलेले. २०२३ पासून जातीच्या नोंदी शोधण्यासाठी ही जुनी दप्तरे राज्यभर उघडली गेली. ती पाने उलटताना १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपाशी थोडे थांबावे. मावळात मोडी वाचू शकणारी मंडळी आहेत, महाविद्यालयांत उत्साही मुले आहेत. वडगाव हे तालुक्याचे ठिकाण. तेथून आरंभ करून, जेथे जेथे ही बुके शिल्लक असतील त्या गावांतून त्या दोन महिन्यांतील नावे, वये आणि वाडा-वस्ती उतरवून काढता येईल. महारवाडा आणि ठाकरवाडी यांची पाने आधी पाहावीत.